एका अक्षराची चूक : पेशीविभाजनाचे नियमन आणि कर्करोग

कर्करोगाचे निदान झालेल्या रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरांसमोर बसले की त्यांचा पहिला प्रश्न पुष्कळदा उपचारांचा नसतो. "आमच्या घरात कुणी तंबाखू खात नाही, मद्याला शिवत नाही, आहार शुद्ध शाकाहारी आहे, मग हा रोग आमच्याकडे कसा आला?" असा तो प्रश्न असतो. निर्व्यसनी कुटुंबात तो अधिकच कळकळीने विचारला जातो, कारण त्यात आश्चर्याबरोबर अपराधाची भावनाही मिसळलेली असते. कुणाचे तरी, कधी तरी, काही तरी चुकले असणार असे मन धरून चालते. या प्रश्नाचे उत्तर गेल्या पन्नास-साठ वर्षांत विज्ञानाला बऱ्याच अंशी सापडले आहे. मात्र ते समजून घेण्यासाठी रोगापासून आरंभ करून भागत नाही. निरोगी शरीरात रोज काय चालते, तेथून सुरुवात करावी लागते.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३७ लाख कोटी पेशी असतात, असा एक अंदाज आहे. या साऱ्या एका फलित बीजांडापासून, एकाच्या दोन, दोनांच्या चार अशा विभाजनाने निर्माण झालेल्या असतात. शरीराची वाढ पुरी झाली म्हणजे हे काम थांबते असे नाही. रक्तातील तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. त्यामुळे अस्थिमज्जेला दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास नव्या तांबड्या पेशी तयार कराव्या लागतात. आतड्याचे आतील अस्तर तीन ते पाच दिवसांत नवे होते. याउलट मेंदूतील बहुतेक चेतापेशी जन्मभर तशाच राहतात. यकृताची तऱ्हा आणखी निराळी. एरवी स्वस्थ असणाऱ्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग कापून काढला तरी उरलेल्या पेशी विभाजनास लागतात आणि काही महिन्यांत यकृत जवळपास पूर्वीच्या आकारमानाचे होते. आईने किंवा वडिलांनी आपल्या यकृताचा भाग मुलाला देण्याची शस्त्रक्रिया या गुणामुळेच शक्य झाली. यात वाढीपेक्षाही थांबण्याचे नवल मोठे आहे. पूर्वीचे आकारमान गाठले की त्याच पेशी पुन्हा स्वस्थ होतात. कुठे थांबायचे हे त्यांना कळते. कर्करोगाच्या पेशीला हरवलेले असते ते नेमके हेच.

दर विभाजनापूर्वी पेशीला एक प्रचंड नक्कल उतरवावी लागते. तिच्या केंद्रकातील ४६ गुणसूत्रांत डीएनएचा जो धागा गुंडाळलेला असतो, तो सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरेल. त्या धाग्यावर चार रासायनिक अक्षरांत मजकूर लिहिलेला असतो: आईकडून आलेली सुमारे ३०० कोटी अक्षरे आणि वडिलांकडून आलेली तितकीच. रोजकीर्दीवरून खतावणी करताना जुन्या दिवाणजींचा एखादा आकडा चुकला की ताळा जुळत नसे, आणि दिवाळीच्या तोंडावर ती चूक शोधण्यात रात्री जात. पेशी ६०० कोटी अक्षरांची नक्कल अवघ्या सात-आठ तासांत करते. अक्षर बसवणारे प्रथिन मागे वळून ते तपासते, चुकले असेल तर काढून दुसरे बसवते. त्याच्या मागून दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांची दुसरी फळी फिरते. एवढ्या तपासणीनंतर शंभर कोटी ते हजार कोटी अक्षरांमागे एखादी चूक उरते. कोणत्याही पेढीने हेवा करावा अशी ही अचूकता आहे. पण लाखो कोटी पेशी आणि सत्तर-ऐंशी वर्षांचे आयुष्य यांचा गुणाकार केला की उरलेल्या चुकांची संख्या थोडी राहत नाही.

पेशी केव्हा विभागायची आणि केव्हा नाही, हे ठरवते कोण? १९७० साली पोटू नरसिंह राव हे भारतातून अमेरिकेत गेलेले शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट जॉन्सन यांनी या प्रश्नावर एक सुंदर प्रयोग केला. त्यांनी दोन मानवी पेशी एकमेकींत मिसळवून एक जोडपेशी केली. एक पेशी डीएनएची नक्कल करण्यात गुंतलेली आणि दुसरीने ते काम अजून सुरूही केलेले नाही, अशी जोडी जमवली तर दुसरीचे केंद्रकही वेळेआधी नकलेच्या कामाला लागले. प्रत्यक्ष विभाजन चालू असलेली पेशी दुसऱ्या कोणत्याही पेशीशी जोडली तर तिने त्या दुसरीलाही ओढत विभाजनात नेले, मग तिची नक्कल पुरी झालेली असो वा नसो. केंद्रकाला हुकूम देणारे काहीतरी पेशीतील द्रवातच असते, हे यावरून उघड झाले.

ते 'काहीतरी' शोधून काढले ते तिघांनी, आणि तेही माणसाचा अभ्यास करून नव्हे. सिॲटल येथे लेलँड हार्टवेल यांनी पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये विभाजनाचे काम अडवणारे दोष शोधले आणि त्यातून शंभरावर जनुके उजेडात आणली. इंग्रज शास्त्रज्ञ पॉल नर्स यांनी दुसऱ्या जातीच्या यीस्टमध्ये एक असे जनुक शोधले की ज्याच्या दोषाने पेशी कधी मोठी होण्याआधीच विभागते, तर कधी विभागतच नाही. १९८७ साली त्यांच्या प्रयोगशाळेत आणखी चकित करणारी गोष्ट दिसली. हे जनुक मोडलेल्या यीस्टमध्ये माणसाचे तेच जनुक घातले, आणि यीस्ट सुरळीत विभागू लागले! यीस्ट आणि माणूस यांचा समान पूर्वज शंभर कोटी वर्षांपूर्वीचा. तरी विभाजनाचा कारभार एकाच नियमाने चालत आला आहे. तिसरे टिम हंट. १९८२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील वुड्स होल येथे सी-अर्चिन या काटेरी समुद्रजीवाची अंडी तपासताना त्यांना एक विचित्र प्रथिन आढळले. ते हळूहळू साठत जाई आणि विभाजनाच्या क्षणी एकदम नाहीसे होई. पुन्हा साठे, पुन्हा नाहीसे होई. त्याच्या या फेऱ्यांवरून त्याला 'सायक्लिन' हे नाव मिळाले. या तिघांना २००१ सालचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

या शोधांचा मथितार्थ व्यापारी माणसाला चटकन कळेल असा आहे. व्यवहार पुरा होण्यासाठी सही आणि शिक्का दोन्ही लागावेत, अशी पेशीची पद्धत आहे. सही करणारे प्रथिन सीडीके, ते पेशीत सदैव हजर असते. पण सायक्लिनचा शिक्का हाती आल्यावाचून त्याची सही चालत नाही. काम झाले की पेशी तो शिक्काच मोडून टाकते. पुढच्या वेळी नवा घडवावा लागतो. त्यामुळे एकदा मिळालेल्या परवानगीवर दोनदा विभाजन होऊ शकत नाही.

याखेरीज वाटेत तपासणीचे नाके आहेत. पहिला नाका नक्कल सुरू होण्यापूर्वी: शेजारच्या पेशींकडून वाढीचा निरोप आला आहे का, अन्न पुरेसे आहे का, डीएनए शाबूत आहे का, याची चौकशी तेथे होते. दुसरा नक्कल पुरी झाल्यावर. तिसरा प्रत्यक्ष वाटणीच्या वेळी, सर्व ४६ गुणसूत्रांच्या जोड्या दोन्ही बाजूंच्या दोरांना नीट बांधल्या गेल्याखेरीज वाटणी होऊ न देणारा. या नाक्यांवरील सर्वांत महत्त्वाचा पहारेकरी म्हणजे 'पी-५३' हे प्रथिन. त्याची कहाणी मजेदार आहे. १९७९ साली ते सापडले तेव्हा कर्करोगाच्या पेशींत ते मुबलक दिसले, म्हणून दहा वर्षे शास्त्रज्ञ त्यालाच गुन्हेगार समजत होते. १९८९ च्या सुमारास कळले की आतापर्यंत तपासले जात होते ते मोडलेले पी-५३ होते. धडधाकट पी-५३ कर्करोग अडवते. डीएनएला इजा झाली की ते सीडीकेची सही रोखून धरते आणि दुरुस्तीस वेळ देते. इजा दुरुस्तीपलीकडची असेल तर त्या पेशीला शांतपणे स्वतःचा अंत करावयास लावते. कडक उन्हाने भाजलेल्या त्वचेच्या पापुद्र्यांत अशा रीतीने मरण स्वीकारलेल्या पेशी असतात. माणसाच्या निम्म्याअधिक कर्करोगांत पी-५३ चे जनुक बिघडलेले आढळते. माणसाला या जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईची व एक वडिलांची; हत्तीकडे मात्र तब्बल वीस जोड्या आहेत, असे २०१५ साली आढळले. माणसाच्या कितीतरी पट पेशी असूनही हत्तीला कर्करोग क्वचितच होतो, त्याचे एक कारण हे असावे.

मग ही व्यवस्था मोडते कशी? ती दोन बाजूंनी मोडते. काही जनुके पेशीला पुढे ढकलतात, काही मागे ओढून धरतात. ढकलणारी बेभान होऊ शकतात, ओढणारी गळून पडू शकतात. पहिल्या प्रकारचे प्रसिद्ध उदाहरण 'रास' हे जनुक. वाढीचा निरोप पेशीच्या दारातून आत पोहोचवणे हे त्याचे काम. निरोप पोहोचला की ते गप्प बसते. १९८२ साली मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींतील हे जनुक निरोगी जनुकाशी अक्षरशः ताडून पाहण्यात आले. फरक निघाला एका अक्षराचा. 'जी' च्या जागी 'टी' पडला होता. तेवढ्या चुकीने रास गप्प बसायचे विसरले आणि निरोप नसतानाही 'वाढा, वाढा' असे सांगत राहिले. ज्या जनुकावाचून शरीर वाढलेच नसते, तेच एका अक्षराने शत्रू झाले होते.

दुसऱ्या प्रकाराचा उलगडा आल्फ्रेड नुडसन या बालरोगतज्ज्ञाने केला, आणि त्यासाठी त्यांनी सूक्ष्मदर्शकही वापरला नाही. लहान मुलांच्या डोळ्याच्या पडद्यावर होणारा 'रेटिनोब्लास्टोमा' हा कर्करोग काही घराण्यांत चालत येतो, तर काही मुलांना घरात कुणालाही नसताना होतो. नुडसन यांनी ४८ रुग्णांच्या नोंदी घेतल्या: वय किती होते, एका डोळ्यात की दोन्ही डोळ्यांत, घरात पूर्वी कुणाला होता काय. आनुवंशिक प्रकारात रोग फार लवकर आणि बहुधा दोन्ही डोळ्यांत होत होता. दुसऱ्या प्रकारात उशिरा आणि एकाच डोळ्यात. या आकड्यांवरून १९७१ साली त्यांनी मांडले की रोग होण्यास दोन आघात लागतात. रोखणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असतात आणि दोन्ही मोडल्याखेरीज पेशी मोकाट सुटत नाही. ज्या मुलाला एक मोडकी प्रत जन्मतःच वारशाने मिळाली, त्याच्या पडद्यावरील लाखो पेशी एका आघाताच्या अंतरावर उभ्या असतात. दुसऱ्या मुलात दोन्ही आघात योगायोगाने एकाच पेशीवर पडावे लागतात. पंधरा वर्षांनी, १९८६ साली, ते 'आरबी' जनुक हाती आले आणि नुडसन यांचा हिशेब बरोबर ठरला. पहिल्या नाक्याचे फाटक लावून धरणारे हेच ते जनुक.

या ठिकाणी घरोघरच्या उपयोगाची एक गोष्ट सांगून टाकणे इष्ट. फ्लॅश वापरून काढलेल्या छायाचित्रात लहान मुलाची बाहुली लाल न दिसता पांढरी चमकत असेल, आणि तसे एकापेक्षा अधिक छायाचित्रांत दिसत असेल, तर त्याला विनाविलंब नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. त्याची इतर कारणेही असू शकतात. पण रेटिनोब्लास्टोमा वेळीच सापडला तर मूल वाचते आणि पुष्कळदा डोळाही वाचतो.

प्रौढ वयातील बहुतेक कर्करोगांना दोन आघातही पुरत नाहीत. ढकलणारे एखादे जनुक बेभान व्हावे लागते, रोखणारी दोन-तीन गळावी लागतात, पी-५३ चा पहारा उठावा लागतो. शिवाय साधारण पेशी प्रयोगशाळेत चाळीस ते साठ विभाजनांनंतर थांबते, हे लेनर्ड हेफ्लिक यांनी १९६१ साली दाखवले होते; गुणसूत्रांची टोके दर विभाजनात झिजत जातात हे त्यामागील कारण. कर्करोगाची पेशी ती टोके पुन्हा पुन्हा बांधून घेते. गाठ एक-दोन मिलीमीटरपेक्षा वाढायची तर तिला रक्तवाहिन्या आपल्याकडे वळवून घ्याव्या लागतात. आणि शेवटी काही पेशी मूळ जागा सोडून रक्तातून, लसिकेतून दूरच्या इंद्रियांत जाऊन बसतात. बहुतेक मृत्यू या शेवटच्या पायरीमुळे होतात. या पायऱ्या चढण्यास वीस-तीस वर्षे लागू शकतात, म्हणूनच हा मुख्यतः उतारवयाचा रोग आहे, आणि आयुर्मान वाढले तसा तो अधिक दिसू लागला.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या क्रिस्टियन तोमासेत्ती आणि बर्ट व्होगेलस्टीन यांनी २०१५ व २०१७ साली असे दाखवून दिले की ज्या अवयवांतील पेशी आयुष्यात अधिक वेळा विभागतात, तेथे कर्करोगही अधिक आढळतो, आणि कर्करोगातील चुकांचा मोठा हिस्सा केवळ नकलेतील योगायोगाचा असतो. त्यांच्या टक्केवारीवर पुष्कळ वाद झाला आणि तो रास्तही होता. पण योगायोगाचा वाटा आहे, हे आता कुणी नाकारत नाही. निष्कलंक आचरणाच्या गृहस्थालाही कर्करोग होऊ शकतो, आणि त्यात त्याचा किंवा त्याला जेवू घालणाऱ्या गृहिणीचा काडीमात्र दोष नसतो. घरातील सुनेच्या पायगुणापासून स्वयंपाकाच्या भांड्यापर्यंत दोष शोधत बसणाऱ्या कुटुंबांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

तथापि 'निर्व्यसनी' या शब्दाची जरा तपासणी व्हावयास हवी. ज्या घरात तंबाखूची पुडी येऊ दिली जात नाही, त्याच घरात जेवणानंतर सुपारीचे तबक फिरते. दुकानाच्या गादीवर गिऱ्हाइकापुढे सुपारी करणे हा शिष्टाचार समजला जातो. मुलांना गोड सुपारीच्या पुड्या मिळतात. सुपारीला कुणी व्यसनात धरत नाही. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने मात्र २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, तंबाखू नसलेली निव्वळ सुपारीदेखील माणसात कर्करोग उत्पन्न करते, असा निर्वाळा दिला आहे. सुपारीतील ॲरेकोलीन आणि इतर द्रव्ये गालाच्या आतील अस्तराखाली तंतूंचा थर साठवत जातात. अस्तर ताठर व पांढुरके होते, तिखट झोंबते, आणि तोंड उघडेनासे होते. तीन बोटे उभी करून तोंडात जात नसतील तर तपासणी करून घ्यावी, असा डॉक्टरांचा साधा ठोकताळा आहे.

या विकाराचे आधुनिक काळातील पहिले वर्णन १९५२ साली झाले, आणि ते भारतात नव्हे. श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांत तो पाहिला. पुढच्याच वर्षी भारतातून जोशी यांनी तशा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. माणसे समुद्र ओलांडून गेली; सवय बरोबर गेली आणि तिच्यामागून रोगही. केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यात अशा रुग्णांचा १७ वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा शंभरात सात-आठ जणांना तोंडाचा कर्करोग झाला. भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचाच आहे. त्यातील सर्वांत मोठा वाटा तंबाखूचा, हे खरे. पण सुपारीची तरफदारी करण्याजोगे काहीही उरलेले नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तबकातील सुपारीवर नाही.

सवयीतून कर्करोग कसा उद्भवतो, याचा शोध महाराष्ट्रात फार पूर्वीपासून घेतला गेला. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली सूर्याबाई यांच्यासह रूढींतून उद्भवणाऱ्या कर्करोगांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात 'धोतराचा कर्करोग' वर्णिलेला आहे. कमरेला वर्षानुवर्षे घट्ट काचणाऱ्या धोतराच्या जागी त्वचा सोलवटते, भरते, पुन्हा सोलवटते. आणि कधीकाळी तेथे गाठ उद्भवते. घट्ट बांधलेल्या परकर-साडीमुळे स्त्रियांतही असे प्रकार पुढे नोंदले गेले. असे रुग्ण विरळाच. पण तत्त्व मोलाचे आहे. धोतरात कोणतेही विष नसते. जखम भरून काढण्यासाठी पेशींना सतत विभागावे लागते, आणि जितक्या नकला अधिक, तितका चुकीला वाव अधिक. तुटलेल्या दाताच्या टोकाने गालाला वर्षानुवर्षे होणाऱ्या जखमेकडेही दुर्लक्ष करू नये ते याचसाठी.

खानोलकरांच्या हाताखाली तयार झालेल्या डॉ. कमल रणदिवे या पुण्याच्या. १९१७ साली जन्मलेल्या रणदिवे यांनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि पुढे बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे तंत्र आत्मसात केले. परत येऊन त्यांनी मुंबईत ऊतिसंवर्धनाची देशातील पहिली प्रयोगशाळा उभारली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. गाय यांची प्रयोगशाळा आणखी एका कारणाने इतिहासात राहिली. १९५१ साली हेनरिएटा लॅक्स या ३१ वर्षांच्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतील पेशी तेथे आल्या. त्या बाईला विचारलेही गेले नव्हते. त्याच वर्षी ती वारली. तिच्या पेशी मात्र आजही जगभर विभागत आहेत. राव आणि जॉन्सन यांनी आपल्या प्रयोगासाठी वापरल्या त्याही 'हेला' पेशीच.

त्या पेशींना थांबता का येत नाही, हे फार नंतर कळले. त्यांच्यात मानवी पॅपिलोमा विषाणूचा, म्हणजे एचपीव्हीचा, डीएनए शिरलेला आहे. हा विषाणू दोन प्रथिने घडवतो. एक पी-५३ चा नाश घडवून आणते, दुसरे आरबीला बांधून टाकते. जे दोन पहारेकरी नकलेतील योगायोगाने पडायला दशके लागली असती, ते एक विषाणू एकाच वेळी पाडतो. हा संबंध शोधणारे हॅराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळाले. आणि कारण विषाणू असल्यामुळे त्याविरुद्ध लस करता आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली 'सर्व्हाव्हॅक' ही भारतीय लस जानेवारी २०२३ मध्ये उपलब्ध झाली. नऊ ते चौदा वर्षे वयात, विषाणूशी संपर्क येण्याच्या बऱ्याच आधी, ती दिली तर तिचा लाभ सर्वाधिक होतो. "आमच्या मुलीला याची काय गरज?" असा प्रश्न सुसंस्कृत घरांतून हमखास येतो. गोवर, धनुर्वाताच्या लसी देताना असा प्रश्न कुणी विचारीत नाही. शिवाय हा विषाणू इतका सार्वत्रिक आहे की विवाहानंतर पतीकडूनही तो येऊ शकतो.

वारशाने येणाऱ्या कर्करोगाचे प्रमाण थोडे, शंभरात पाच ते दहा. स्तनाच्या व बीजांडकोशाच्या कर्करोगाशी निगडित 'बीआरसीए-१' जनुकाचे गुणसूत्रावरील स्थान मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली दाखवले. हे जनुकही डीएनएची दुरुस्ती करणारे. त्याची मोडकी प्रत वडिलांकडूनही तितक्याच सहजतेने येते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते; 'आत्याला झाला होता, पण ती तर बापाकडची' असे म्हणून ती नोंद सोडून दिली जाते. लग्नाच्या बाजारात वाच्यता नको म्हणून अशा नोंदी दडवण्याची रीत तर सर्वश्रुत आहे. तिची किंमत पुढच्या पिढीतील मुली मोजतात: ज्या माहितीवरून त्यांची तपासणी तिशीतच सुरू झाली असती, ती माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.

औषधांकडे ओझरता दृष्टिक्षेप पुरे. यीस्टमध्ये सापडलेल्या सीडीकेच्या मानवी भावंडांना थोपवणारे 'पॅल्बोसिक्लिब' हे औषध २०१५ पासून स्तनाच्या काही कर्करोगांत वापरले जाते. दोन गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलून निर्माण होणाऱ्या एका रक्तकर्करोगावरील 'इमॅटिनिब' २००१ साली आले आणि जीवघेणा आजार रोजच्या गोळीवर आटोक्यात आला. त्याच्या एकाधिकाराचा दावा भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला. मूळ औषधाचा महिन्याचा खर्च लाखाच्या घरात होता, तर देशी कंपन्यांच्या गोळ्या त्याच्या दहाव्या हिश्श्याहून स्वस्त मिळत.

तरीही औषधांहून तपासणी स्वस्त पडते, आणि ती महागड्या यंत्रांनीच होते असेही नाही. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वर्षांच्या सुमारे दीड लाख स्त्रियांत एक अभ्यास चालवला. निम्म्या वस्त्यांतील स्त्रियांची दर दोन वर्षांनी गर्भाशयमुखाची तपासणी झाली. उरलेल्या वस्त्यांत फक्त आरोग्यशिक्षण दिले गेले, आणि त्यावर पुढे टीकाही झाली. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना काही आठवडे प्रशिक्षण देऊन हे काम सोपवले होते. सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमध्ये असते तेच, कापसाने लावायचे आणि थोडा वेळ थांबायचे. बिघडू लागलेल्या पेशींची जागा पांढरी पडते, आणि दिव्याच्या उजेडात ती डोळ्यांना दिसते. २०१३ साली निष्कर्ष जाहीर झाले. तपासणी झालेल्या स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते.